लघवीची जळजळ, थंडीताप आणि कुशीतले दुखणे : मूत्रपिंडाच्या जंतुसंसर्गाची शंका आल्यास डॉक्टरांकडे केव्हा जावे
(आमच्या प्रयोगशाळेच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

लघवीच्या तपासणीसाठी आमच्याकडे येणारे अनेक ग्राहक डॉक्टरांची चिठ्ठी न घेता येतात आणि बहुतेक वेळा त्यात काही बिघडत नाही. अधूनमधून मात्र असे कोणीतरी समोर उभे राहते, की ज्याचे दात हुडहुडीने वाजत असतात, एक हात पाठीमागे बरगडीखाली दाबून धरलेला असतो आणि तरीही म्हणणे एवढेच असते, की "सध्या फक्त लघवी तपासा, रिपोर्ट आला की डॉक्टरांना दाखवतो." अशा वेळी आम्ही नमुना घेतो, परंतु रिपोर्टसाठी न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाण्यास सांगतो. तपासणी हाच ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनी असे सांगावे याचे काही ग्राहकांना नवल वाटते, म्हणून त्यामागचे कारण येथे दिले आहे.

संसर्ग वर कसा चढतो

मूत्रपिंडाचा जंतुसंसर्ग बहुधा खालून सुरू होतो. आतड्यात एरवी निरुपद्रवीपणे राहणारे जंतू, विशेषतः ई. कोलाय, मूत्रमार्गातून मूत्राशयात शिरतात आणि तेथे वाढू लागतात. स्त्रियांचा मूत्रमार्ग सुमारे 4 सेंटिमीटर लांबीचा, तर पुरुषांचा सुमारे 20 सेंटिमीटर असतो, आणि स्त्रियांमध्ये हा त्रास अधिक आढळण्याचे हे एक मोठे कारण आहे. जंतू मूत्राशयापुरतेच असतात तेव्हा ज्याला आपण उन्हाळी लागणे म्हणतो तो त्रास होतो, म्हणजे जळजळ, वारंवार लघवीला जावेसे वाटणे, ओटीपोटात जडपणा, लघवी गढूळ किंवा दुर्गंधीयुक्त होणे. हा त्रास नकोसा असला तरी त्यात सहसा मोठा ताप नसतो.

तेच जंतू मूत्रवाहिनीतून वर मूत्रपिंडापर्यंत पोचले, की चित्र पालटते. मूत्रपिंडातून सतत मोठ्या प्रमाणावर रक्त वाहत असल्यामुळे तेथील संसर्ग रक्तात उतरण्याचा धोका असतो. म्हणूनच या आजारात एक-दोन दिवसांचा उशीरही महागात पडू शकतो.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे अशी लक्षणे

38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 अंश फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक ताप, हुडहुडी भरणे, पाठीच्या एका बाजूस शेवटच्या बरगडीखाली किंवा कुशीत खोलवर ठणकणे, मळमळ आणि उलट्या ही मूत्रपिंडाच्या संसर्गाची ठळक लक्षणे आहेत. लघवीची तक्रार असताना यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. काहींना लघवीची जळजळ मुळीच होत नाही. थंडीताप आणि कुशीतले दुखणे एवढ्यानेच आजार सुरू होतो, आणि मग तो साधा ताप समजून अंगावर काढला जातो. लघवीत रक्त दिसल्यास, इतर त्रास नसला तरी, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पाठ दुखते म्हणजे मूत्रपिंडच दुखते, असे अर्थातच नाही. लचक किंवा स्नायूंचे दुखणे वाकल्यावर, वळल्यावर वाढते आणि विशिष्ट स्थितीत पडून राहिल्यास हलके होते. मुतखड्याची कळ लाटेसारखी येते, जांघेकडे उतरते आणि रुग्णाला एका जागी बसू देत नाही. संसर्गाचे दुखणे बहुधा सलग व बोथट असते, आणि त्या जागी हलकेच थोपटले तरी रुग्ण दचकतो. हे फरक ढोबळ आहेत. त्यांवरून घरच्या घरी निदान करू नये.

मुतखडा आणि संसर्ग एकाच वेळी असणे ही मात्र आमच्या मते सर्वांत कमी ओळखली जाणारी तातडीची अवस्था आहे. खड्याने मूत्रवाहिनी अडली आणि वर साचलेल्या लघवीत जंतू वाढले, तर केवळ औषधाने भागत नाही, ती वाट तातडीने मोकळी करावी लागते. पूर्वी खड्याचा त्रास झालेल्या व्यक्तीला कळ आणि ताप एकत्र आल्यास तिने थेट रुग्णालय गाठावे. उलट्यांमुळे पाणी किंवा गोळी पोटात टिकत नसेल, श्वास जलद होत असेल, चक्कर येत असेल, लघवी अगदी कमी झाली असेल किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागला असेल, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये.

वयोवृद्धांमध्ये ताप येईलच असे नाही. अचानक गोंधळल्यासारखे वागणे, जेवण सोडणे, तोल जाऊन पडणे एवढेच दिसू शकते. तान्ह्या बाळाला आपले दुखणे सांगता येत नाही; तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला, की कारण काहीही वाटो, लगेच डॉक्टरांकडे न्यावे. गर्भारपणात मूत्रवाहिन्या सैलावतात, त्यांवर गर्भाशयाचा दाबही पडतो, लघवी साचून राहते आणि संसर्ग वर चढण्यास वाव मिळतो. त्यातून अकाली प्रसूतीचा धोका असल्यामुळे गर्भवतींनी साध्या जळजळीसाठीही डॉक्टरांना भेटावे. मधुमेही, एकच मूत्रपिंड असलेले किंवा त्याचे प्रत्यारोपण झालेले, लघवीची नळी बसवलेले रुग्ण आणि लघवीची तक्रार असलेले पुरुष यांनीही थांबून पाहू नये.

नमुना आणि रिपोर्टविषयी

लघवीच्या साध्या तपासणीत पू-पेशी व इतर खुणा त्याच दिवशी कळतात. कल्चरमध्ये मात्र जंतू वाढू द्यावे लागतात, त्याला सहसा 24 ते 48 तास लागतात, आणि कोणते औषध त्या जंतूवर लागू पडेल हे त्यानंतर सांगता येते. डॉक्टर लक्षणे पाहून आधी उपचार सुरू करतात आणि कल्चर आल्यावर गरज वाटल्यास औषध बदलतात. रिपोर्टसाठी थांबू नका, असे आम्ही म्हणतो ते यामुळेच.

कल्चरचा नमुना शक्यतो अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्यापूर्वी द्यावा. घरात उरलेल्या दोन गोळ्या घेऊन, धुतलेल्या जुन्या बाटलीत सकाळपासून ठेवलेली लघवी घेऊन येणारे ग्राहक आम्हाला नेहमी भेटतात. त्या गोळ्यांनी आजार बरा होत नाही, पण कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत आणि रिपोर्ट फसवा येतो. आमच्याकडून निर्जंतुक डबी घ्यावी, जागा पाण्याने स्वच्छ करावी, सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली धार डबीत धरावी आणि डबीच्या आतील बाजूस बोट लावू नये. नमुना एका तासाच्या आत पोचवावा. ते शक्य नसल्यास डबी फ्रिजमध्ये ठेवावी. रुग्ण फार आजारी असल्यास या खटाटोपासाठी उपचार लांबवू नयेत. गोळी घेतली असल्यास तसे नमुना देताना सांगावे, आम्ही ते रिपोर्टवर नोंदवतो.

तापासाठी किंवा दुखण्यासाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत, कारण आजारी मूत्रपिंडावर त्यांचा ताण पडतो. उपचार सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत ताप उतरावयास हवा. तसे न झाल्यास पुन्हा डॉक्टरांकडे जावे. ते सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन सुचवू शकतात. बरे वाटू लागले तरी अँटिबायोटिक सांगितलेल्या दिवसापर्यंत घ्यावे. कल्चरचा रिपोर्ट तयार झाल्याचे आम्ही फोनवर कळवतो. त्या वेळी प्रकृती सुधारलेली असली तरी तो रिपोर्ट उपचार करणाऱ्या डॉक्टरांना अवश्य दाखवावा, कारण चालू औषध त्या जंतूवर लागू पडते की नाही, हे त्यांना त्यावरूनच पडताळता येते.