लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल : वेगवान गाडीसाठी निवड

लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, बोलण्यात एलएसडी : इंजिनाची ताकद ज्या दोन चाकांवर जाते त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे, पण एकाची पकड सुटली तर दुसऱ्याचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, बुडू न देणारे यंत्र. त्याची निवड बहुतेक वेळा इंजिनाच्या अश्वशक्तीवरून केली जाते, आणि चूक तिथेच होते. वळणावर आतल्या चाकावरचा भार किती हलका होतो आणि वळणाच्या कोणत्या टप्प्यावर गाडीचा तोल बिघडतो, हे दोन प्रश्न अश्वशक्तीच्या आधी यायला हवेत.

वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. डाव्या-उजव्या चाकांत १.५ मी. अंतर असलेली गाडी १० मी. त्रिज्येच्या वळणावरून गेली, तर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे १६ टक्के जास्त धावते. साधे डिफरन्शियल हा फरक चोख सांभाळते. अडचण अशी की ते दोन्ही बाजूंना नेहमी जवळपास सारखाच टॉर्क देते. समजा, जोरात वळण घेताना आतले चाक ३०० न्यूटन-मीटरपर्यंतच टॉर्क पेलते आणि बाहेरचे १,००० पर्यंत. साध्या डिफरन्शियलमध्ये बाहेरच्यालाही ३००च मिळतात, एकूण ६००. त्यापुढे ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी आतले चाक जागच्या जागी फिरते आणि टायरचा धूर होतो. तिथे ३:१ टॉर्क बायसचे, म्हणजे जास्त पकडीच्या चाकाला तिप्पटपर्यंत टॉर्क देणारे, एलएसडी असेल, तर बाहेरच्या चाकाला ९०० मिळतात आणि एकूण आकडा १,२०० होतो. इंजिन तेच, टायर तेच, आणि वळणातून बाहेर पडताना मिळणारा जोर दुप्पट.

हा बायस काही उत्पादक गुणोत्तरात सांगतात, काही लॉकच्या, म्हणजे दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधून ठेवण्याच्या, टक्क्यांत. २५ टक्के लॉक म्हणजे सुमारे १.७:१, ५० टक्के म्हणजे ३:१, ६० टक्के म्हणजे ४:१. दोन वस्तूंची तुलना करण्याआधी दोन्ही आकडे एकाच मापात आणावेत. ‘६० टक्के’ हे ‘५० टक्क्यां’हून थोडेसेच जास्त वाटते, पण गाडीला तो फरक चांगलाच जाणवतो.

इतिहास : १९३०च्या दशकात ऑटो युनियनच्या सोळा सिलिंडरच्या ग्रां प्री गाड्यांची ताकद त्या काळच्या अरुंद टायरांना झेपत नव्हती. त्यांच्यासाठी जर्मनीच्या झेडएफ कंपनीने लॉक होणारे डिफरन्शियल घडवले. रस्त्यावरच्या गाड्यांत अमेरिकेतील पॅकार्डने १९५६ मध्ये ‘ट्विन ट्रॅक्शन’ आणले आणि पुढच्याच वर्षी शेव्हरलेचे ‘पॉझिट्रॅक्शन’ आले. व्हर्नन ग्लीझमन यांच्या केवळ गिअरांवर चालणाऱ्या रचनेला १९५८ मध्ये पेटंट मिळाले. तीच पुढे ‘टॉर्सेन’ म्हणून ओळखली गेली आणि १९८०च्या दशकात आउडीच्या क्वाट्रो गाड्यांत पुढच्या-मागच्या ॲक्सलांमध्ये बसली. फेरारीने २००४च्या एफ४३० मध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे डिफरन्शियल रस्त्यावर आणले.

प्रकार : सिलिकोन द्रवातल्या छिद्रांच्या चकत्यांवर चालणारा व्हिस्कस प्रकार आधी चाकांच्या गतीत फरक पडल्यावर मगच जागा होतो, आणि तापल्यावर ढिला पडतो. वेगवान गाडीसाठी आज तो विचारात घेण्याचे कारण उरलेले नाही. खरी निवड गिअर आणि क्लच प्लेट या दोघांतच होते.

गिअर प्रकारात तिरप्या दात्यांचे गिअर टॉर्कच्या दाबाने हाउसिंगच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, भिंतीवर रेटले जातात आणि त्या घर्षणातून लॉक तयार होतो. चाक घसरण्याची वाट पाहावी लागत नाही, आवाज नाही, घासून संपणाऱ्या प्लेट नाहीत. मर्यादा मात्र गणितातच आहे. हे यंत्र कमी पकडीच्या चाकावरच्या टॉर्कला गुणते. आतले चाक हवेत उचलले गेले, तर शून्याची तिप्पटही शून्यच. म्हणून ज्या गाडीची स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (वळणावर गाडीचे कलणे रोखणारा दांडा) इतके कडक आहेत की वळणावर चालवणारे चाक जमीन सोडते, तिच्यात निव्वळ गिअरचे एलएसडी नेमके गरजेच्या क्षणी साध्यासारखे वागते. काही उत्पादक त्यात थोडा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा कायमचा दाब, देऊन ही उणीव अंशतः भरून काढतात.

क्लच प्लेट प्रकारात एकाआड एक प्लेटचा गठ्ठा असतो. मधली पिनियन-शाफ्ट, म्हणजे छोटे गिअर धरणारा दांडा, दोन प्रेशर रिंगांच्या उतरणींवर, म्हणजे रॅम्पवर, चढते आणि गठ्ठा आवळते. रॅम्पचा कोन बदलून लॉक बदलता येतो : प्रचलित मोजणीत कोन लहान तर आवळणे घट्ट. ॲक्सिलरेटर दाबल्यावरचा रॅम्प वेगळा आणि सोडल्यावरचा वेगळा ठेवता येतो, हे या प्रकाराचे मोठे बळ. फक्त जोर देताना लॉक होणाऱ्याला वन-वे, दोन्ही वेळी सारखे लॉक होणाऱ्याला टू-वे, आणि सोडल्यावर सौम्य लॉक होणाऱ्याला वन-पॉइंट-फाइव्ह-वे म्हणतात.

निवड : पुढची चाके चालवणाऱ्या गाडीत लॉकचा प्रत्येक झटका थेट स्टिअरिंगवर येतो. तिथे रस्त्यावर आणि अधूनमधून ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीसाठी गिअर प्रकार जवळजवळ नेहमीच योग्य ठरतो. मागची चाके चालवणाऱ्या गाडीत प्रश्न टप्प्यांचा आहे. वळणात शिरताना ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागचा भाग हलका होऊन सुटत असेल, तर सोडल्यावरचा लॉक त्याला स्थिर करतो. पण तोच लॉक जास्त झाला तर गाडी वळायलाच मागत नाही आणि नाक बाहेर ओढले जाते. ड्रिफ्टसाठी, म्हणजे मागची चाके मुद्दाम घसरवत वळण घेण्यासाठी, टू-वे घेतात, कारण तिथे दोन्ही मागची चाके सतत एकत्र फिरायला हवी असतात. ट्रॅकवर वेळ कमी करायची असेल, तर वन-पॉइंट-फाइव्ह-वेपासून सुरुवात करणे शहाणपणाचे.

सगळ्यांत दुर्लक्षित राहतो तो प्रीलोड, म्हणजे इंजिनाचा टॉर्क नसतानाही प्लेट आवळून ठेवणारा स्प्रिंगचा दाब. तो जास्त ठेवला की पार्किंगच्या वेगाला चाके कटकट करत फरफटतात, संथ वळणावर गाडी सरळ जाऊ पाहते, आणि ब्रेक लावताना दोन्ही चाके एकमेकांना बांधलेली राहिल्याने एबीएसला प्रत्येक चाकाची खरी गती कळेनाशी होते. अगदी कमी ठेवला, तर उचललेले चाक फिरू लागते आणि लॉक पकडायला उशीर होतो. रोजच्या वापराच्या गाडीत कमी प्रीलोड ठेवून काम रॅम्पवर सोपवणे, हेच मला ठाम योग्य वाटते.

मोजणी आणि देखभाल : मागची चाके चालवणाऱ्या गाडीत हा प्रीलोड गाडीखाली न शिरताही पाहता येतो. पुढच्या चाकांना अडसर लावावा, हँडब्रेक सोडावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि मागचे एकच चाक जॅकने उचलावे. मग उचललेल्या चाकाच्या मधोमध टॉर्क रेंच (टॉर्क मोजणारा पाना) लावून, चाक हलायला लागण्याच्या क्षणीचा आकडा वाचावा. उत्पादकाने दिलेल्या आकड्यापेक्षा तो बराच खाली आला असेल, तर प्लेट झिजल्या आहेत. एका बाजूचे चाक हाताने सहज फिरत असेल, तर ते एलएसडी आता नावापुरतेच.

प्लेटच्या एलएसडीला घर्षण-सुधारक, म्हणजे प्लेटचे घर्षण मऊ करणारे द्रव्य, मिसळलेले गिअर ऑइल लागते. ते नसेल तर कटकट वाढते, आणि सुधारक गरजेपेक्षा जास्त झाला तर लॉकच निसटतो. नव्या प्लेट बसवल्यावर रिकाम्या जागेत संथ गतीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाडी दोन्ही दिशांना फिरवतात, म्हणजे पृष्ठभाग एकमेकांना रुळतात. त्यानंतर निघालेले पहिले ऑइल राखाडी आणि धातूच्या बारीक भुकटीने चकाकणारे असते. ते ताबडतोब बदलावे, आणि प्रीलोडची मोजणी पुन्हा एकदा करून तो आकडा लिहून ठेवावा. पुढच्या प्रत्येक मोजणीची तुलना त्याच्याशीच करायची असते.