निसर्गोपचार आणि चेहऱ्याचे अ‍ॅक्युपंक्चर

चेहऱ्याची त्वचा आणि एकूण प्रकृती यांसाठी आहार, माती व पाण्याच्या उपचारांना बारीक सुयांची जोड देणारी संयुक्त पद्धत. अ‍ॅक्युपंक्चर चीनमधले, तर आधुनिक निसर्गोपचाराचा उगम युरोपातला. पुण्यात निसर्गोपचार रुजवला तो डॉ. दिनशा मेहतांच्या ताडीवाला रस्त्यावरील चिकित्सालयाने. गांधीजी तिथे राहून गेले आणि आज राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था त्याच वास्तूत आहे. पुण्याजवळच्या उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम १९४६ चा. निसर्गोपचार व योगाच्या साडेपाच वर्षांच्या पदवीत अ‍ॅक्युपंक्चरही शिकवतात, म्हणून एकाच चिकित्सकाकडे दोन्ही मिळू शकते; जुन्या वळणाचे निसर्गोपचारक मात्र सुईला नाक मुरडतात. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. चिकित्सकाची नोंदणी आधी विचारून घ्यावी.

चेहऱ्यासाठी साधारण ०.१२ ते ०.२० मिमी जाडीच्या, एकदाच वापरायच्या निर्जंतुक सुया लागतात. त्वचा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यायची. ओल्या स्पिरिटवर सुई लावली की चरचरते. दोन भुवयांच्या मधोमध, नाकपुडीच्या बाजूला, ओठांच्या कोपऱ्याशी आणि जबड्याच्या चावण्याच्या स्नायूवर हे नेहमीचे बिंदू. त्यांच्याबरोबर हात-पायांवरचेही काही घेतात. चेहऱ्यावर सुई तिरपी, उथळ जाते. हातापायांवर जी जड, ठणकणारी संवेदना मुद्दाम आणतात, ती इथे आणायची नसते. २० ते ३० मिनिटांनी सुया मोजून काढायच्या, कारण केसांच्या कडेची एखादी हमखास राहते. काढताच कोरड्या कापसाने मिनिटभर दाबून धरायचे, चोळायचे नाही. डोळ्यांभोवती काळेनिळे पडते ते बहुधा इथल्या घाईमुळे. वापरलेल्या सुया न भोसकल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यातच जातात.

खरी गफलत होते ती दोन्ही उपचारांच्या क्रमात. उपास किंवा नुसत्या रसावर असलेल्या दिवशी सुया लावल्या की घेरी येते, म्हणून सुयांच्या आधी दीड-दोन तासांत हलके खाणे हवे. रुग्णाला आडवे झोपवूनच सुया लावाव्यात. घाम फुटला, मळमळ झाली तर लगेच सगळ्या सुया काढून पाय उंच करायचे.

मातीचे तसेच. लेपाची माती तीन-चार फूट खोलीवरून, खत-फवारणी नसलेल्या जागेतून घेतात, उन्हात वाळवून चाळतात आणि रात्रभर भिजवतात. पण मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात आणि वाळवल्याने ते मरतीलच असे नाही. त्यामुळे ताज्या छिद्रांवर लेप नको. लेप आदल्या दिवशी घ्यावा, किंवा सुयांनंतर निदान २४ तासांनी. तो १५-२० मिनिटे ठेवून अर्धवट ओला असतानाच धुवायचा. पूर्ण वाळून तडकला की त्वचा ओढली जाते, आणि पुण्याच्या कोरड्या हिवाळ्यात तर चेहरा फुटतोच. वाफारा पाच ते सात मिनिटांचा, पण वांग असेल तर नको, कारण उष्णतेने डाग गडद होतात. लिंबू लावून उन्हात जाण्याचा घरगुती उपाय या यादीत कुठेच बसत नाही. त्याने भाजल्यासारखे काळे डाग पडतात.

पिकलेली पुटकुळी, नागीण किंवा जंतुसंसर्ग असलेल्या जागी सुई लावत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी, निकेलची अ‍ॅलर्जी, नुकतेच घेतलेले बोटॉक्स किंवा फिलर (सुरकुत्यांसाठीची इंजेक्शने) हे आधीच सांगावे. गरोदरपणात अंगठा-तर्जनीमधला आणि पायाच्या आतल्या बाजूला घोट्याच्या थोडा वरचा बिंदू टाळतात. निस्तेज चेहरा आणि केसगळती एकत्र असेल, तर सुयांआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासणे जास्त शहाणपणाचे, कारण रक्तक्षय सुईने भरून निघत नाही.

सुया काढल्यावर दिसणारा गुलाबीपणा रक्तप्रवाह वाढल्याचा असतो आणि थोड्याच वेळात ओसरतो. सुरकुत्या व त्वचेच्या लवचिकतेवरचे अभ्यास छोटे आहेत, कित्येकांत तुलनेसाठी दुसरा गटही नाही. त्यामुळे आठवड्याला एक-दोन याप्रमाणे दहा-बारा बैठकांचे पॅकेज एकदम विकत घेण्याऐवजी चार बैठकांनंतर थांबून, एकाच उजेडात काढलेले फोटो ताडून पाहावेत. बैठकीनंतर दुचाकीवर चेहऱ्याला बांधायचा तो स्कार्फ त्या दिवशी धुतलेलाच हवा. कालच्या घामाचा आणि धुळीचा नको.