ऑलिव्हचा चोथा आणि केळफुलाचा काळा रंग

कोथरूडमधल्या आमच्या नेहमीच्या लाकडी घाण्यावर परवा एक काकू विचारत होत्या, "ऑलिव्हची पेंड मिळेल का हो? गुलाबाला घालायचीय." इटलीत असलेल्या मुलीने त्यांना व्हिडिओ पाठवला होता. त्यात शेतकरी तेल काढून उरलेला चोथा परत ऑलिव्हच्याच बागेत पसरत होता. घाणेवाला म्हणाला, "आपल्याकडे शेंगदाणा, करडई, तीळ, खोबरं. ऑलिव्ह कुठला इथे?" काकू शेंगदाण्याची पेंड घेऊन गेल्या. गुलाबासाठी हे बरंच झालं, कारण ताजा ऑलिव्हचा चोथा कुंडीत पडला असता तर झाडाची मुळंच आखडली असती.

दोन्ही तेलाचेच चोथे, मग असं का? शेंगदाणा हे कोरडं बी आहे. त्याच्या पेंडीत प्रथिनं ठासून भरलेली असतात, नत्र शेकडा सातच्या आसपास. ती म्हशीलाही चालते आणि गुलाबालाही. ऑलिव्हचं तेल मात्र मुख्यतः गरातून येतं. फळात तेल शेकडा १५ ते २०, पाणी निम्म्याच्या आसपास. स्पेनमधल्या गिरण्यांनी १९९० च्या दशकात कमी पाणी लागणारी यंत्रं आणली. तेव्हापासून तिथे १०० किलो फळांमागे सुमारे ८० किलो ओला, काळपट, चिकट लगदा उरतो. त्याला तिकडे 'आल्पेरूखो' म्हणतात. तोडणीचा हंगाम हिवाळ्यातल्या थोड्या महिन्यांचा, त्यामुळे एवढा सगळा ढीग एकदमच अंगावर येतो. (आपल्याकडे सुपरमार्केटमध्ये 'ऑलिव्ह पोमेस ऑइल' मिळतं ना, ते याच चोथ्यातलं उरलंसुरलं तेल, हेक्झेन या द्रावकाने काढून रिफाइन केलेलं.)

हा लगदा फेकून का द्यायचा नाही, याचं उत्तर शाळेच्या रसायनशास्त्रात आहे. तेल म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. हे तिन्ही झाडाने हवेतून आणि पाण्यातून घेतलेले असतात. मुळांनी जमिनीतून ओढलेलं पोटॅश, थोडं नत्र, थोडा स्फुरद तेलात जातच नाही, चोथ्यात राहतो. म्हणजे शेतकऱ्याने नुसतं तेल विकलं आणि चोथा शेताला परत दिला, तर जमिनीतून काढलेलं बहुतेक सगळं जमिनीतच राहतं. तेलबियांइतका स्वच्छ हिशेब फार थोड्या पिकांचा असतो.

अडचण आहे ती फिनॉल नावाच्या रेणूंची. कच्चं ऑलिव्ह कडूजहर लागतं ते ओल्यूरोपिन या फिनॉलमुळे. कीड आणि बुरशीपासून बचाव करायला झाडाने ते बनवलेलं असतं. हे रेणू पाण्यात विरघळतात, म्हणून तेलात शेकडा दोनच्या आसपासच जातात, बाकी चोथ्यात आणि पाण्यात उतरतात. तेलातल्या त्या दोन टक्क्यांच्या जोरावर 'अँटिऑक्सिडंट'ची जाहिरात होते, आणि उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के गिरणीमागच्या खड्ड्यात बियांना उगवू देत नाहीत. रोमनांना हे ठाऊक होतं. सुमारे २२०० वर्षांपूर्वी केटोने सल्ला दिला होता की खळं ऑलिव्हच्या काळ्या पाण्याने भिजवावं, म्हणजे तण उगवत नाही आणि मुंग्या लागत नाहीत. आपण खळं शेणाने सारवायचो, ते या पाण्याने!

आता माझ्या आवडत्या भागाकडे येतो. हे विष चोथ्यातून जातं कसं? काही फिनॉल जिवाणू खाऊन टाकतात आणि त्यांचा कार्बन डायऑक्साइड होतो. पण बाकीच्यांचं जे होतं ते तुम्ही स्वयंपाकघरात पाहिलेलं आहे. केळफूल चिरलं की काळं पडतं, म्हणून आपण ते ताकाच्या पाण्यात टाकतो. चिरताना पेशी फुटतात, आतले फिनॉल, एक विकर आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येतात, आणि छोटे बिनरंगी रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे काळे-तपकिरी रेणू होतात. ताकाच्या आंबटपणाने विकर मंदावतं, पाण्याने हवा अडते.

खताच्या ढिगातल्या पांढऱ्या बुरशीकडे याच कुळातलं एक विकर असतं, लॅकेज. १८८३ मध्ये योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाला ते लॅकर झाडाच्या चिकात सापडलं. या विकराच्या पोटात तांब्याचे चार अणू असतात. एक फिनॉल येतो, एक इलेक्ट्रॉन देऊन जातो. मग दुसरा, तिसरा, चौथा. चार इलेक्ट्रॉन जमले की लॅकेज ते ऑक्सिजनच्या एका रेणूला एकदम देतं, आणि त्याचे पाण्याचे दोन रेणू होतात. इलेक्ट्रॉन गमावलेले फिनॉल आता अस्थिर असतात, मुक्त मूलक म्हणतात त्यांना. ते जो शेजारी मिळेल त्याला चिकटतात: कार्बनला कार्बन, कार्बनला ऑक्सिजन. जोडीला आणखी जोडी मिळते. ज्याचा रेणुभार दीडशेच्या आसपास होता आणि जो मुळाच्या पेशीत सहज घुसत होता, तो हजारोंच्या घरातला अवाढव्य रेणू होऊन बसतो. तो पेशीत शिरू शकत नाही. मातीच्या कणांना धरून राहतो, पाणी आणि पोटॅश धरून ठेवायला मदत करतो. आपण ज्याला ह्यूमस म्हणतो त्यात याचा वाटा असतो. विषाचे सुटे तुकडे होते, त्यांचीच मातीची काळी आई झाली.

या सगळ्याला ऑक्सिजन लागतो, आणि लगदा तर कणकेसारखा घट्ट. म्हणून त्यात ऑलिव्हची पानं, छाटणीच्या काड्या, पेंढा मिसळून हवेला वाट करतात. नत्र कमी असल्याने मेंढ्यांचं लेंडीखत घालतात. ढीग ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो आणि तो पुन्हा पुन्हा खालवर करावा लागतो. काम महिनोन् महिने चालतं. सुरुवातीला आंबट असलेला लगदा शेवटी अल्कधर्मी होतो.

पुणे जिल्ह्यातल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या आसवन्यांतून निघणारं काळं सांडपाणी, स्पेंटवॉश, असंच आम्लधर्मी, पोटॅशने भरलेलं आणि नदीत सोडलं तर मासे मारणारं. साखर कारखान्यांच्या आवारात ते प्रेसमडच्या, म्हणजे उसाच्या रसातून गाळलेल्या गाळाच्या, लांबच लांब ढिगांवर फवारून, यंत्राने ढीग पलटून खत करतात. रसायनं वेगळी, पण हवा आणि सवड देण्याची शिस्त तीच.

ऑलिव्हच्या गिरणीतून निघणारं ताजं काळं पाणी थेट शेतात अजिबात घालू नये असंही नाही. इटलीने १९९६ च्या कायद्याने त्याला परवानगी दिली आहे, पण मापात: जुन्या दाब-गिरणीचं पाणी वर्षाला हेक्टरी ५० घनमीटर, सेंट्रिफ्यूजवाल्या गिरणीचं ८० घनमीटर. काकूंच्या व्हिडिओत हे माप दिसत नव्हतं. आणि माप हाच तर सगळा मुद्दा आहे. मागे एका कृषी प्रदर्शनात एक विक्रेता छातीठोकपणे सांगत होता, "शंभर टक्के नैसर्गिक आहे, कितीही घाला." या वाक्याचा मला मनापासून राग येतो. ओल्यूरोपिनही शंभर टक्के नैसर्गिकच आहे.

खत तयार झालं की नाही हे ओळखायची जगभर वापरली जाणारी चाचणी आपल्या डब्यातल्या हळिवावर होते. बाळंतिणीच्या लाडवांतलं तेच हळीव. उगवायला झटपट आणि विषाला नाजूक, म्हणून शास्त्रज्ञांनी ते निवडलं. एक भाग खत दहा भाग पाण्यात ढवळून गाळा. बशीत टिपकागद ठेवून तो या पाण्याने भिजवा, वर २० दाणे मांडा. दुसऱ्या बशीत नुसतं पाणी. दोन्ही झाकून ४८ तास अंधारात ठेवा. मग उगवलेले दाणे मोजा आणि मुळांची लांबी पट्टीने मोजा.

माझ्या गॅलरीतल्या कंपोस्टचा हिशेब असा निघाला. पाण्यात १९ दाणे उगवले, सरासरी मूळ ४० मिलिमीटर. खताच्या पाण्यात १२ दाणे, मूळ २०. बारा भागिले एकोणीस म्हणजे ०.६३, गुणिले निम्मं, म्हणजे ३२ टक्के. ८० च्या वर गेलं तर खत निर्धोक मानतात. बादलीतून वासही येत नव्हता, रंगही छान काळा होता, तरी हळिवाने नाही म्हटलं. मी त्यात वाळका पाला मिसळून ते दर चार दिवसांनी खालवर करायला लागलो. सहा आठवड्यांनी पुन्हा वीस दाणे मांडले, तेव्हा आकडा ८६ आला, आणि त्या आठवड्यात ते खत मोगऱ्याला घातलं.