फॉक्स भगिनी

मृतात्म्यांशी ठोक्यांच्या खुणेने बोलता येते असे भासवून अमेरिकेतील परलोकविद्येच्या चळवळीला चालना देणाऱ्या बहिणी. मार्गारेट्टा ऊर्फ मॅगी व कॅथरीन ऊर्फ केट या धाकट्या दोघी न्यूयॉर्क राज्यातील हाइड्सव्हिल या खेड्यात आईवडिलांसह राहत. ३१ मार्च १८४८ च्या रात्री केटने घरात ऐकू येणाऱ्या ठोक्यांच्या अदृश्य कर्त्याला ‘मी करते तसे कर’ असे बजावून चुटक्या वाजवल्या आणि तितकेच ठोके उमटले. घरात खून होऊन तळघरात पुरलेल्या एका फेरीवाल्याचा हा आत्मा, असे पुढे ठरले.

त्या वेळचे मुलींचे वय वादग्रस्त आहे. आईने ११ एप्रिल १८४८ च्या जबानीत मॅगीला पंधरावे चालू असल्याचे व केट सुमारे बारा वर्षांची असल्याचे सांगितले. उलट १८८८ मध्ये मॅगीने स्वतःचे वय आठ सांगून केट आपल्याहून दीड वर्षाने लहान असल्याचे म्हटले. आईची जबानी घटनेनंतर दोन आठवड्यांच्या आत नोंदलेली असल्याने तीच अधिक ग्राह्य वाटते. वयाचा हा प्रश्न किरकोळ नाही, कारण अजाण लेकरांची खोडी आणि किशोरवयीन मुलींनी समजूनउमजून केलेली बतावणी यांतले अंतर त्यावरच ठरते.

रॉचेस्टरला राहणारी, वयाने बरीच मोठी बहीण लीआ हिने या प्रकाराला व्यवसायाचे रूप दिले. १४ नोव्हेंबर १८४९ रोजी तेथील कोरिंथियन हॉलमध्ये तिकीट लावून पहिला जाहीर प्रयोग झाला. मराठी घरांत परिचित असलेले प्लँचेट याच लाटेतून पुढे आले.

ठोक्यांच्या उगमाविषयी मतभेद आहेत. फेब्रुवारी १८५१ मध्ये बफेलो येथील ऑस्टिन फ्लिंट प्रभृती तीन डॉक्टरांनी ते गुडघ्याच्या सांध्यातून निघतात असे मत मांडले. लीआ व मॅगी यांना पाय लांब करून टाचा उशीवर टेकवायला लावल्या, तेव्हा आवाज थांबला. त्याच वर्षी एका नातेवाईक स्त्रीने, पायाच्या बोटांनी ठोके काढण्याची युक्ती केटनेच आपल्याला शिकवल्याचे निवेदन दिले. २१ ऑक्टोबर १८८८ रोजी न्यूयॉर्कच्या ॲकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये मॅगीने केटच्या उपस्थितीत बूट काढून अंगठ्याच्या सांध्याने ठोके काढून दाखवले. सुरुवातीला रात्री दोरीला सफरचंद बांधून ते जमिनीवर आपटत असू आणि आईला त्याचा उलगडा होत नसे, असेही तिने सांगितले. मॅगीचे प्रात्यक्षिक व नातेवाईक स्त्रीचे निवेदन एकमेकांशी जुळत असल्याने बोटांचा खुलासा अधिक पटण्यासारखा आहे. मात्र सर्वच ठोके एकाच रीतीने निघत असे मानण्याचे कारण नाही.

१८८९ मध्ये मॅगीने ही कबुली मागे घेतली. परलोकविद्येचे अनुयायी त्या माघारीला प्रमाण मानतात. परंतु तेव्हा ती कमालीच्या आर्थिक अडचणीत होती, हे विसरून चालणार नाही. लीआ १८९० मध्ये, केट १८९२ मध्ये व मॅगी १८९३ मध्ये निधन पावली. हाइड्सव्हिलचे घर १९१६ मध्ये लिली डेल या परलोकविद्येच्या अनुयायांच्या वसाहतीत हलवण्यात आले आणि १९५५ मध्ये ते आगीत नष्ट झाले.