ओव्हरक्लॉक केलं की लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड जळतं?

नाही. ओव्हरक्लॉक म्हणजे चिपचा वेग ठरवून दिलेल्यापेक्षा वाढवणं. २०१५च्या सुरुवातीला ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एन्व्हिडियाने ड्रायव्हरमधून (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) काही लॅपटॉपवरची ही सोय काढली, तेव्हा या समजाला बळ मिळालं. गेमर्सच्या ओरडीनंतर कंपनीने ती परत दिली, हे मात्र कुणी सांगत नाही.

आफ्टरबर्नर या ओव्हरक्लॉकिंगच्या सॉफ्टवेअरचा स्लायडर क्लॉक (चिपचा वेग) वाढवतो; लॅपटॉपमध्ये वॉटची, म्हणजे चिपला मिळणाऱ्या विजेची, मर्यादा सहसा कुलूपबंदच असते. तापमान हद्दीला पोचलं की चिप स्वतःच वेग उतरवते. फार ताणलंत तर गेम बंद पडेल, पडद्यावर ठिपके दिसतील. रीस्टार्टनंतर बहुधा सगळं पूर्ववत.

त्यामुळे क्लॉक १५-२० मेगाहर्ट्झने वाढवत दरवेळी गेम चालवून पाहा. त्याहून उत्तम (माझं मत), आफ्टरबर्नरच्या कर्व्हमध्ये (कोणत्या व्होल्टेजला किती क्लॉक, हा आलेख) तोच क्लॉक कमी व्होल्टेजवर बसवा: उष्णता घटते, वेग टिकतो. आणि आधी पंख्यातली धूळ काढा!