जुन्या कॅनेडियन-अमेरिकन नाण्यांची किंमत: सगळा घोळ १९६७ चा

जुन्या नाण्याची किंमत काढायची म्हटलं की सगळे आधी साल बघतात, आणि अमेरिकन नाण्यांपुरतं ते बऱ्यापैकी चालतंही. डाइम (१० सेंट), क्वार्टर (२५ सेंट), हाफ डॉलरवर (५० सेंट) १९६४ किंवा त्याआधीचं साल असेल तर ९० टक्के चांदी. १९६५ पासून डाइम आणि क्वार्टरमधली चांदी गेली, हाफ डॉलरमध्ये १९७० पर्यंत ४० टक्के राहिली.

यामागे चांदीचा भाव होता. साठच्या दशकात अमेरिकन सरकार औंसाला १.२९ डॉलरने चांदी विकून भाव धरून ठेवत होतं, कारण त्या भावाला चांदीच्या डॉलरमधली चांदी बरोबर एक डॉलरची होते, भाव त्याच्या वर गेला की नाणं वितळवणंच परवडणार. लोकांनी नाणी दाबून ठेवली, बाजारात चिल्लर मिळेना, खापर फुटलं संग्राहकांवर, आणि १९६५ ते ६७ अशी तीन वर्षं संग्राहकांनी नाणी उचलू नयेत म्हणून नाण्यांवरून मिंट मार्कच, म्हणजे नाणं कुठल्या टांकसाळीत पाडलं ते सांगणारं अक्षरच, काढून टाकला. माझ्या मते हे साफ चुकीचं होतं, पण निदान साल बघून धातू तरी कळतो.

कॅनडात तेवढंही राहिलं नाही. तिथे १९१९ पर्यंत ९२.५ टक्के चांदी होती, १९२० पासून ८० टक्के. १९६७ हे देशाच्या शताब्दीचं वर्ष, म्हणून नाण्यांवर प्राणी-पक्षी आले, डाइमवर मॅकरेल, म्हणजे आपल्या बांगड्याच्या कुळातला मासा, आणि क्वार्टरवर रानमांजर. त्याच वर्षी भाव चढल्यावर डाइम आणि क्वार्टरमधली चांदी मधूनच ८० वरून ५० टक्क्यांवर आणली, आणि नाण्यावर खूण मात्र काहीच केली नाही! साल तेच, चित्र तेच, क्वार्टरचं वजनही दोन्ही प्रकारांत ५.८३ ग्रॅम. लोहचुंबकाला दोन्ही चिकटत नाहीत. पण एकात जवळपास ४.६६ ग्रॅम चांदी आणि दुसऱ्यात २.९ च्या आसपास, म्हणजे किमतीत सरळ एक तृतीयांशाहून जास्त फरक. घनता काढून ओळखता येतं, पण एवढ्याशा नाण्याचं पाण्यातलं वजन घरच्या काट्यावर नीट येत नाही, धातू तपासणाऱ्या मशीनवरच तपासावं लागतं. त्यामुळे बरेच डीलर ६७ ची डाइम-क्वार्टर वेगळी काढून कमी भावानेच घेतात, आणि त्यात ८० टक्केवाला माणूस नाहक मार खातो. एक छोटी खूण पुरली असती, म्हणून या निर्णयाचा मला अजूनही राग येतो. अमेरिकेतही १९८२ ला पेनीचं (एक सेंटचं नाणं) तांबं जाऊन जस्त आलं, तेही वर्षाच्या मधेच, पण तिथे ३.११ आणि २.५ ग्रॅम असा वजनात फरक आहे, साधा काटा पुरतो.

कॅनडाच्या डाइम-क्वार्टरमध्ये १९६८ ला आधी ५० टक्के चांदी आणि नंतर निकेल, पण निकेल चुंबकाला चिकटतं म्हणून ते सोपं. ६७ चे हाफ डॉलर आणि डॉलर मात्र बिनधास्त ८० टक्के धरा.

चांदी सोडून दुर्मीळपणाने किंमत वाढलेलं माझं आवडतं उदाहरण १९४८ चा कॅनेडियन डॉलर. भारत स्वतंत्र झाला आणि नाण्यावरच्या ब्रिटिश राजाच्या (तोच कॅनडाचाही राजा) बिरुदातून 'हिंदुस्थानचा सम्राट' काढावं लागलं, नवे साचे यायला उशीर झाला, तोवर ४८ मध्येही १९४७ सालाचीच नाणी पाडली, सालाशेजारी छोटं मेपलचं पान टाकून. (बघा, इथे खूण करायचं सुचलं होतं!) नवे साचे आले तेव्हा डॉलर पाडले जेमतेम १८,७८०, म्हणून आज त्याला चांदीच्या कितीतरी पट भाव येतो.

१९८० च्या जानेवारीत चांदी ५० डॉलरच्या आसपास गेली तेव्हा दोन्ही देशांतली ढीगभर नाणी भट्टीत गेली, त्यामुळे किती पाडली या जुन्या आकड्यांवरून किती उरली हे काढू नका. पुढे १९८६ च्या सुमारास नाणी ग्रेड करून प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करायची पद्धत रुळली, ७० पैकी मार्क, आणि एकेका मार्काने किंमत हलायला लागली. नाणं घासून चकचकीत केलेलं असेल तर मार्काऐवजी 'क्लीन्ड' असा शेरा पडतो आणि भाव पडतो, म्हणून चिंच-मीठ लावून घासायच्या आधी ते कुणाला तरी दाखवा.