ब्रिटनीतले दगडी क्रूस: आधी फोडले, मग कायद्याने जपले

फ्रान्सच्या पार पश्चिम टोकाला ब्रिटनी आहे, तिथल्या कितीतरी गावांत चर्चच्या आवारात एक उंच दगडी क्रूस असतो आणि त्याच्या चौथऱ्यावर येशूच्या जन्मापासून मरणापर्यंतचे प्रसंग कोरलेले असतात, त्याला तिकडे काल्व्हेर म्हणतात. प्लुगोन्व्हेन गावातल्या काल्व्हेरवर 1554 साल आहे आणि बास्तियाँ आणि आंरी प्रिजाँ ह्या कारागिरांची नावंही कोरलीयेत. गिमिलिओचं काम 1581 ते 1588 चाललं, त्यात 200 च्या आसपास मूर्ती आहेत आणि गंमत म्हणजे येशूच्या काळातले शिपाई चक्क सोळाव्या शतकातल्या कपड्यांत उभे आहेत!

एवढ्याशा गावांकडे पैसा कुठून आला? लिननमधून. जवसाच्या धाग्याचं कापड इथून इंग्लंड-स्पेनला जायचं, गावं श्रीमंत झाली आणि मग शेजारच्या गावापेक्षा आपलं काम भारी पाहिजे अशी चढाओढ लागली. दगडही नशिबाने चांगला मिळाला, केरसांतोन, ब्रेस्टच्या खाडीजवळचा, काळसर करडा, खाणीतून काढला की कोरायला मऊ आणि नंतर हवेवर कडक होत जातो, म्हणून तर चार-साडेचार शतकं पाऊस खाऊनही चेहरे ओळखू येतात. प्लुगास्तेल गावच्या काल्व्हेरचं कारण मात्र वेगळं, 1598 ची प्लेगची साथ गेल्यावर 1602 ते 1604 मध्ये ते बांधलं.

आता आज जी तुटकी नाकं आणि हात दिसतात त्याचं सगळं खापर पावसावर फोडू नका. राज्यक्रांतीच्या काळात, 1793-94 च्या सुमारास, फ्रान्सभर धर्माची चिन्हं फोडायची मोहीमच निघाली होती. प्लुगोन्व्हेनच्या काल्व्हेरचीही तेव्हा मोडतोड झाली आणि नीट दुरुस्ती व्हायला एकोणिसावं शतक संपत आलं, म्हणजे आज आपण जे 'सोळाव्या शतकातलं' म्हणून बघतो त्यात नंतरचा हातही आहे.

मग सरकारचं डोकं फिरलं, चांगल्या अर्थाने. 1830 मध्ये ऐतिहासिक वास्तूंसाठी इन्स्पेक्टर जनरल नेमला, 1834 पासून त्या जागेवर लेखक प्रोस्पेर मेरिमे होता, 1840 मध्ये पहिली मोठी यादी निघाली, 1887 ला कायदा आला आणि 1913 ला तो पक्का झाला. त्यात दोन पायऱ्या आहेत, वरच्या पायरीवरच्या वास्तूला सरकारच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही, खालच्या पायरीवर आधी कळवावं लागतं. आपल्याकडे वीरगळाला शेंदूर फासला तर कुणी विचारत नाही, तिथं साधा क्रूस धुवायचा म्हटलं तरी कागद फिरतात. 1943 पासून तर 500 मीटरच्या आतल्या बांधकामावरही नजर आली.

मला ह्यात सगळ्यात भारी वाटतं ते 1905 चं प्रकरण. त्या वर्षी फ्रान्सने धर्म आणि सरकार वेगळं केलं, सार्वजनिक जागी नवीन धार्मिक चिन्ह उभं करायला बंदी घातली (स्मशानं वगैरे सोडून), पण आधीची तशीच राहू दिली. म्हणजे नवा क्रूस चौकात लावता येणार नाही आणि जुना पडायला आला तर तेच सरकार डागडुजीला पैसे देणार.

प्लुगास्तेलच्या काल्व्हेरला दुसऱ्या महायुद्धात, 1944 च्या लढाईत, मार बसला. तेव्हा जॉन स्किल्टन नावाच्या अमेरिकन अधिकाऱ्याने, जो सैन्यात कलावस्तूंचं काम बघायचा, मायदेशी परतून दुरुस्तीसाठी वर्गणी जमवली आणि युद्धानंतर काही वर्षांत ते काम झालं.